नवी कोरी गाडी

दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर विमान उतरलं की माणसं आधी गाडी भाड्याने घेतात, मग समुद्र बघतात. ओक्सिमने त्याच धंद्यातल्या एका कंपनीच्या काउंटरवर बारा वर्षं काढली होती. परत आलेल्या गाडीवर नखाएवढा ओरखडा असला तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. कंपनीत तिचं कौतुक होतं ते तेवढ्याचसाठी.

सोलहून लेक हेरिन रजेवर आली, तेव्हा तिच्या नावावर पोचे पडलेली जुनी राखाडी गाडी लागली होती. "असू दे गं आई, मला काय वरात काढायचीय?" हेरिन म्हणाली. ओक्सिमने ऐकलं नाही. गेल्याच आठवड्यात आलेली पांढरी गाडी तिने स्वतः पुसूनपासून लेकीला दिली. आईचाच जीव तो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, संत्र्यांच्या बागांमधल्या चौकात एक ट्रक बाजूने येऊन धडकला. हेरिन जागच्या जागी गेली.

दाराकडची एअरबॅग फुगली कशी नाही, असं ओक्सिमने गॅरेजवाल्याला विचारलं. त्याने मान खाली घालून सांगितलं की ती बसवलेलीच नव्हती. नव्या गाड्या घेताना कंपनीने दाराकडच्या एअरबॅग वगळायला लावल्या होत्या, तेवढीच बचत. जुन्या राखाडी गाडीत मात्र त्या होत्या. ओक्सिम तिथेच फरशीवर बसली. त्या गाडीतून लेकीला आपणच उतरवलं, हे शल्य आता जन्मभराचं होतं.

शोकगृहात कंपनीचा मॅनेजर होंग सांत्वनाच्या पैशांचं पांढरं पाकीट आणि एक कागद घेऊन आला. कंपनीबद्दल तक्रार नाही, एवढ्यावर सही हवी होती.

"ओक्सिमताई, नियमाबाहेर आपण काहीच केलेलं नाही."

"ओरखडा दिसला की आपण गिऱ्हाइकाला फोटो काढून दाखवतो, साहेब. हे कुणाला दाखवलं? मलासुद्धा नाही."

तिने कागदाबरोबर पाकीटही परत केलं.

दहाव्या दिवशी ती कामावर आली. कडेवर लहानगी घेतलेल्या एका बापाने पांढरी नवी गाडी मागितली.

"नवीत दाराकडच्या एअरबॅग नाहीत," ओक्सिम म्हणाली. "कंपनीने वगळल्यात. जुनी न्या."

मागून होंगने दबक्या आवाजात हाक मारली. ओक्सिमने वळून पाहिलं नाही. रांगेतल्या एका बाईने हातातली किल्ली काउंटरवर परत ठेवली आणि विचारलं, "आमच्या गाडीत आहेत का हो?"

बारा वर्षांत हा प्रश्न ओक्सिमला कुणी विचारला नव्हता. तिनेही कुणाला विचारला नव्हता.