न दुखणारे अठ्ठावीस सांधे

मावशी कोटांना हातानं काजं करायची. हात असा, की समोरचा शिंकायला तोंड उघडेपर्यंत तीन काजं तयार. चौथं वाकडं गेलंच, तर तो रुमाल काढेपर्यंत उसवून पुन्हा घातलेलं. खोटं वाटतं? विचारा त्या कारखान्यातल्या सुयांना.

अशा मावशीला आमवातानं गाठलं. सकाळी बोटं लाकडासारखी, मनगटं सुजून टम्म. मुकादमानं बजावलं, "हात बरे झाल्याचा डॉक्टरचा कागद आण, नाहीतर तुझ्या जागी मशीन बसवतो." बाई एकटी. ती जागा गेली की सगळंच गेलं.

मग तिनं शक्कल लढवली. तपासणीच्या दिवशी दोन वेदनाशामक गोळ्या पोटात, तासभर हात कोमट पाण्यात, आणि जिभेवर थट्टा तयार. डॉक्टरीणबाई एकेक करत अठ्ठावीस सांधे दाबायच्या आणि दुखऱ्या-सुजलेल्यांचा आकडा मांडायच्या.

"इथं दुखतं?"

"छे! दाबा की जोरात. तुमचीच बोटं दुखतील."

सोबत आलेली भाची मान खाली घालून बसायची.

आकडा दरवेळी खाली. आज कागदावर सही व्हायची होती, औषधही कमी व्हायचं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी पेन उचललंच नाही. त्यांचा आमवातावर एक अभ्यास चालू होता, त्यासाठी मावशीनं मागे खुशाल रक्त दिलं होतं. रक्ताला कुठं तोंड असतं!

"मावशी, ड जीवनसत्त्व तुमच्या रक्तात भरपूर आहे."

"असणारच. एक गोळी चुकवत नाही मी."

"पण पेशीत ते कामाला लागतं रिसेप्टरमुळे, आणि तुमचे रिसेप्टर फार कमी निघाले. पाहुणे दारात आणि कडी काढायला घरात कोणी नाही, असं झालंय. आमच्याकडे ज्यांचे इतके कमी आले, त्यांचा आजार बहुतेक भडकलेला होता. ठणठणीत एकट्या तुम्हीच."

"मी आहेच जगावेगळी."

"असालही. नुसत्या या आकड्यावरून मी काही ठरवत नाही, म्हणून पुन्हा तपासते. पण आत आग असताना औषध कमी केलं, तर वाकडी झालेली बोटं मला सरळ करता येणार नाहीत."

"सांग ना गं मावशी," भाची पुटपुटली.

"गप! ओठ शिवून टाकीन."

पण मावशीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं विचारलं, "वाकडी म्हणजे किती? सुई धरता येईल?"

"नाही."

डॉक्टरीणबाईंनी उजवं मनगट दाबलं.

"दुखतं," मावशी म्हणाली.

"आणि इथं?"

"तिथंही. त्याच्या शेजारीही. आई गं, हळू!"

नवव्या सांध्यापर्यंत थट्टा पुरली. मग नुसतं "हं... हं..." अठ्ठावीसपैकी एकोणीस भरले. भाचीनं गोळ्यांचं आणि कोमट पाण्याचंही सांगून टाकलं; मावशीनं तिला अडवलं नाही.

"औषध वाढवते. तीन महिने सुई बंद."

"तोवर मशीन बसेल तिथं."

"मुकादमाला मी चिठ्ठी देते."

"तो चिठ्ठ्या वाचत नाही, कोट मोजतो."

"मग राहू दे?"

"नाही, लिहा," मावशी म्हणाली. "अक्षर मोठं काढा. त्याच्यापुढे उभी राहून मीच वाचून दाखवते."