अर्ध्या चार्जिंगचे पाहुणे

मला पाहायला अकोल्याहून आलेल्या पाहुण्यांची गाडी दहा वाजता आमच्या अंगणात शिरली, तेव्हा तिच्यात सहा टक्के जीव उरला होता. वाटेतल्या शेलूबाजारचं चार्जिंग स्टेशन मोबाइलवर चालू दिसत होतं, प्रत्यक्षात त्याला दोरी बांधलेली. आणि आमच्या शिरपुरात चार्जर मागितला तर लोक मोबाइलचा आणून देतात.

"बबनराव, मोठा प्लग हाये काय घरात?" मुलाचे वडील रंगराव बसायच्या आधीच म्हणाले. माझ्या बाबांना सोयरिकीचं बोलायचं होतं. बिचाऱ्यांनी कूलरकडे बोट केलं.

मोठा प्लग एकच, कूलरचा. मीच वायर ओढली. दुसरं टोक मुलानं, म्हणजे मुकेशनं धरलं.

"मालेगावातूनच वापस जायले पायजे होतं," तो हळूच म्हणाला. "पन तुमी वाट पाहून राह्यल्या असत्या."

तिथंच तो मला आवडला. सांगायला लाज कसली?

मे महिना, कूलर बंद. पोहे झाले, दोनदा चहा झाला. आमच्यात सोयरीक पक्की झाल्याशिवाय मुलाकडचे मुलीच्या घरी जेवत नाहीत. चहापोह्यांवर भागवायचं आणि 'घरी जाऊन कळवतो' म्हणून निघायचं. असे तिघं जण आधी येऊन गेलेत, त्यांचं कळवणं अजून चालूच आहे.

एक वाजता आईनं वांगी भाजली, भाकरी टाकल्या. वास थेट बैठकीत गेला. रंगरावांनी घाम पुसला, आवंढा गिळला.

"चाळीस टक्के झाली का निंगू," ते म्हणाले. "अकोल्याले जेवू."

मी उठले आणि जाता जाता प्लगचं बटन बंद केलं. चुकून नाही, ठरवून केलं. ते निघाले असते तर चौथं 'कळवतो' पदरात पडलं असतं, आणि हा मुलगा मला हवा होता.

पाऊण तास गेला.

"किती झाली रे?" रंगरावांनी विचारलं.

मुकेशनं मोबाइल पाहिला. मग भिंतीवरच्या बटनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चार्जिंग कधी थांबलं ते त्या मोबाइलवर दिसतं, हे मला कुठं माहीत!

"पस्तीस," तो म्हणाला. "हळू होऊन राह्यली, बाबा. लाइन कमजोर हाये इकडं."

मग तो उठला, हातपाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात आला आणि पाटावर बसला.

"काकू, मले वाढा."

आईचा हात पिठातच राहिला. बाबा धडपडत उठले. रंगराव दारात येऊन उभे राहिले.

"इथं जेवलं म्हंजे काय होते, समजते तुले?"

"समजते. म्हनूनच बसलो."

रंगराव लेकाकडे पाहत राहिले. मग तव्यावर फुगलेल्या भाकरीकडे. शेवटी माझ्याकडे वळले.

"अन् तुले, पोरी? तुहं काय म्हननं हाये?"

आता मागं कशाला सरायचं? सासऱ्याला मारतात तीच हाक मी त्यांना मारली.

"मामाजी, तुमी जेवाले बसा. मी बटन चालू करून येते. मघा मीच बंद केलं होतं."