माझ्या डोक्यावरचे न्हाणीघर

मी एक जुना लोखंडी खांब आहे. 'आहे' म्हणावे की 'होतो' म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माझे दोन तुकडे झाले आहेत आणि ते एका घराच्या अंगणात भिंतीला टेकून ठेवले आहेत. मित्रांनो, जे घडले ते ऐकून तुम्हांला वाटेल, हा म्हातारा मीठमसाला लावून सांगतो आहे. मलाही कधी कधी तसेच वाटते. पण ते माझ्या देखत घडले, आणि माझ्याच अंगावर घडले.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. लाल रस साच्यात पडला, निवला, आणि मी झालो. आतून पोकळ, बाहेरून गोल. त्या वेळी एक घर बांधले जात होते. त्याच्या तळघराच्या मधोमध मला उभे केले. मिस्त्रींनी ओळंबा लावून मला चारही बाजूंनी पाहिले आणि माझ्या डोक्यावर एक जाडजूड लाकडी तुळई ठेवली. मग माझ्या पाठीवर थाप मारून ते घरमालकाला म्हणाले, "साहेब, घरात बाकी काय हवं ते हलवा. ह्याला मात्र हात लावू नका."

मालक हसून म्हणाले, "ह्याला कोण कशाला हात लावेल?"

माझ्या आयुष्यात माझे एवढेच कौतुक झाले. पण ते मला पुरले.

तुळईवर घराची तक्तपोशी, म्हणजे वरच्या खोल्यांची फळ्यांची जमीन होती. तिच्यावर बोळ, स्वयंपाकघराची एक भिंत आणि नेमके माझ्या डोक्यावर न्हाणीघर. त्यात दगडी टाकी होती. ती भरली की मला कळायचे, रिकामी झाली की कळायचे. मी त्या घरातल्या माणसांना चेहऱ्याने कमी आणि वजनाने जास्त ओळखत होतो. आई सावकाश चालायची. थोरली मुलगी टाच आपटत चालायची. धाकटी चालायचीच नाही, पळायची. वडिलांची पावले एक दिवस थांबली. माझ्या डोक्यावरचे ओझे तेवढे कमी झाले, आणि मला ते मुळीच आवडले नाही.

तळघरात फारसे कोणी येत नसे. आले तरी मला दोरी बांधत, माझ्यावर ओले रेनकोट टाकत. अंधारात कोणाचे तरी कपाळ आपटे आणि मला ऐकावे लागे, "मेला, बरोबर मधेच उभा आहे." मला राग येत नसे. मी मधेच उभा होतो, कारण भार मधेच होता. एवढी साधी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नसेल, असे माझ्या मनातही आले नव्हते.

मुली मोठ्या झाल्या. थोरली गुडघे, पाठी, खांदे दुखणाऱ्यांना व्यायाम शिकवणारी झाली. धाकटी लोकांना गाडी चालवायला शिकवू लागली. थोरलीकडे इतकी म्हातारी माणसे येऊ लागली की बैठकीची खोली पुरेना. मग एका सकाळी दोघी तळघरात उतरल्या. त्यांच्याबरोबर घरांची दुरुस्ती करणारा एक ठेकेदार होता. त्याच्या प्रत्येक वाक्यात 'चटकन' हा शब्द यायचा. धाकटीने पहिल्याच दिवशी त्याचे नाव चटकन ठेवले. तो माणूस वाईट नव्हता. कामाला वाघ होता. फक्त थांबणे त्याला ठाऊक नव्हते.

पहिला धक्का मला भिंतीवरून बसला. मागची भिंत कित्येक वर्षे ओली होती. तिचे पोपडे निघत, कोपऱ्यात काळी बुरशी धरे. छपराचे पाणी आणणारा नळ बाहेर नेमका तिच्याच पायाशी रिकामा होत होता. धाकटीने नाकाला रुमाल लावला.

"आधी ही ओल कुठून येते ते बघायला नको का?"

"ओल दिसणारच नाही, ताई," चटकन म्हणाला. "समोर प्लाय मारतो, वर रंग देतो. चटकन होऊन जाईल."

आणि खरोखरच त्याने त्या ओल्या भिंतीवर प्लायवूड ठोकले. मी पाहतच राहिलो. जखम न धुता तिच्यावर नवा सदरा चढवावा तसे ते होते. मग वरच्या छोट्या खिडकीवर फळी आली, कारण तिथे आरसा लावायचा होता. फरशीतली पाणी जायची जाळी नव्या लादीखाली गेली, कारण ती दिसायला बरी नव्हती. प्रत्येक वेळी मला वाटले, आता तरी कोणी तरी विचारेल. पण काम जोरात चालले होते, आणि काम जोरात चालले असले की विचारणाऱ्यालाच आपण अडाणी आहोत असे वाटू लागते. धाकटीनेही नंतर विचारायचे सोडून दिले.

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"हा असला तर मागच्या रांगेतल्यांना मी दिसणार नाही," थोरली म्हणाली. "पण काढता येईल का? ह्याच्यावर काही भार नाही ना?"

चटकनने खिशातला पाना काढून माझ्यावर ठोकला. मी घुमलो.

"ऐकलंत? पोकळ आहे. पोकळ खांब कसला भार घेतोय? बांधकामाच्या वेळी टेकू दिला असेल, तो तसाच राहून गेला."

मित्रांनो, मी सुन्न झालो. पोकळ म्हणजे रिकामटेकडा? माणसाच्या मांडीचे हाडही आतून नळीसारखे असते, आणि सगळे शरीर त्याच्यावर उभे राहते. हे थोरलीला तर चांगलेच माहीत होते. कोणत्या सांध्यावर किती भार येतो, हे ती लोकांना रोज समजावून सांगायची. मला वाटले, ती आता बोलेल. ती म्हणाली, "मग काढून टाका."

वर जाऊन माझ्या डोक्यावर काय आहे, हे तिघांपैकी एकानेही पाहिले नाही. जिना तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी चटकनचा कटरवाला आला. त्याने माझ्या पोटाशी यंत्र लावले. ठिणग्या उडाल्या. दुखले की नाही ते मला आठवत नाही, मी इतका चकित झालो होतो. अर्ध्यावर आल्यावर पाते अडकू लागले.

"साहेब, ब्लेड धरतंय," कटरवाला म्हणाला. "वरनं दाबल्यासारखं होतंय."

"जुनं लोखंड आहे. ब्लेड बदल."

दाबत मीच होतो. म्हणजे सगळे घर माझ्यातून दाबत होते. माझ्याकडे तेवढीच एक भाषा होती, आणि ती कोणाला कळली नाही. नवे पाते आले. मोठा कडाका झाला आणि मी दुभंगलो. त्यांनी माझा वरचा तुकडा उतरवला, तळचा उपटला आणि दोन्ही कोपऱ्यात आडवे टाकले.

उभ्या जन्मात मी पहिल्यांदाच आडवा झालो होतो. खालून वर बघत होतो. तुळई माझ्यासमोर होती, आणि तिच्याखाली कोणी नव्हते. ती आधी काहीच बोलली नाही. मग हळूहळू, एखादी म्हातारी खाली बसते तशी, ती मधे वाकू लागली.

चटकन चहा पीत होता. त्याचा कप ओठांशीच थांबला.

वर आई न्हाणीघरात होती. तिचा आवाज अगदी शांत होता, म्हणूनच तो माझ्या मनातून जात नाही.

"अगं, पाणी उलटं वाहतंय," ती म्हणाली. "मोरीकडे जायच्या ऐवजी दाराकडे येतंय."

"काय म्हणालीस?" धाकटी बोळातून ओरडली.

"पाणी गं. आणि दार उघडत नाहीये. कडी काढलीय मी, तरी हलत नाही."

चौकटच तिरकी झाली होती. दार तिच्यात घट्ट रुतले होते. धाकटी दोन पावले मागे सरली, खांद्याने धडक मारायला. तिची पावले मी अजूनही ओळखत होतो, पण आता ती माझ्या डोक्यावर नव्हती. एक धडक, आणि तुळई कदाचित गेली असती. भरलेली टाकी, आई, लाद्या, सगळे खाली आले असते.

"वर कोणी धक्का मारू नका," चटकन खालून म्हणाला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "ताई, जिथे आहात तिथेच थांबा. मावशी, तुम्ही भिंतीला लागून उभ्या राहा. टाकीपासून लांब."

मग तो पळाला नाही. मला वाटले होते, पळेल. नव्या चौकटीसाठी आणलेली जाड लाकडे त्याने एकेक करून तुळईखाली उभी केली आणि त्यांच्यावर पाचरी ठोकू लागला. अलगद, हातोडी जेमतेम उचलून. वाकलेल्या तुळईच्या बरोबर खाली उभा राहून. चटकन हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नाही. कटरवाला यंत्र घेऊन वर गेला. ज्या पात्याने मला कापले होते, त्याच पात्याने त्याने दाराची खालची फळी कापली, आणि आई त्या भोकातून रांगत बाहेर आली. थोरलीने तिला चादरीत गुंडाळले. तिचे पहिले वाक्य काय, तर "माझा चष्मा आत राहिला."

"राहू दे गं चष्मा," धाकटी म्हणाली आणि रडायला लागली.

सगळे अंगणात जाऊन उभे राहिले. दुपारी इमारतींची तपासणी करणाऱ्या इंजिनीअर बाई आल्या. त्या आधी वर गेल्या, मग खाली आल्या. माझे तुकडे त्यांनी पायाने फिरवून पाहिले.

"हा काढायच्या आधी वर काय आहे ते कोणी बघितलं होतं?"

चटकन म्हणाला, "नाही बघितलं."

"मीही नाही," थोरली म्हणाली. "आणि मी रोज पेशंटना सांगते, अंगाचा भार कुठे जातो ते आधी समजून घ्या. माझी आई वर आंघोळ करत होती हो."

बाईंनी प्लायवूड उचकटायला लावले. मागे भिंत ओलीचिंब होती आणि बुरशी पार वरपर्यंत चढली होती. फळी काढली, लादी उचलली, जाळी मोकळी केली. "इथे म्हातारी माणसं श्वास घेणार आहेत," त्या म्हणाल्या. "खिडकी राहील. ओल बाहेरून थांबवा, मगच आत रंग द्या. आणि ह्यापुढे विचारल्याशिवाय काही तोडू नका."

पुढचे काम फार हळू झाले. तुळईखाली जॅक लावले आणि दर दिवशी केसभर, केसभर तिला वर उचलले. एकदम उचलली असती तर वरच्या भिंती तडकल्या असत्या. घर कण्हायचे. मी कोपऱ्यातून ऐकायचो. छपराचा नळ लांब नेऊन सोडला. भिंत उघडी ठेवून वाळू दिली. चटकन रोज यायचा आणि तिला हात लावून बघायचा. एकदा धाकटी त्याला म्हणाली, "किती वेळ लागेल अजून?" तो म्हणाला, "वाळेपर्यंत."

माझ्या जागी नवा खांब आला. पोलादी, चौकोनी, माझ्यापेक्षा जाड. त्याच्यासाठी जमीन खणून पाया भरला. मला थोडा मत्सर वाटला, खोटे कशाला बोलू? पण तुळई त्याच्या डोक्यावर टेकली, वर न्हाणीघराच्या नव्या दाराची कडी सहज लागली, आणि माझा मत्सर गेला.

आता तळघरात थोरलीचा वर्ग भरतो. मागची रांग नाही, सगळे खांबाभोवती गोल उभे राहतात आणि एका पायावर तोल सांभाळताना त्यालाच धरतात. अंगणातून मला त्यांचे हसणे ऐकू येते. आईही जाते. वर्ग संपल्यावर ती पायरीवर बसते, तेव्हा माझ्या अंगावर तिची सावली पडते.

मित्रांनो, घर सजवा, बदला, त्यात हौसेने नवे काही करा. घरांनाही ते आवडते. पण ओल झाकू नका, ती कुठून येते ते शोधा. हवा आणि पाणी जायच्या वाटा बुजवू नका. आणि काही तोडायच्या आधी एकदा जिना चढून वर जा. तुम्हांला जे मधेच उभे आहे असे वाटते, त्याच्या डोक्यावर कोणाची तरी आई असू शकते. हे मी रागाने सांगत नाही. मला अजून धक्काच बसलेला आहे, तो काही जात नाही.

उद्या भंगारवाला येणार आहे. मी पुन्हा भट्टीत जाईन, पुन्हा लाल रस होईन. मग माझे काय करतील, मला ठाऊक नाही. कठडा करतील, तवा करतील, गटाराचे झाकण करतील. काहीही चालेल. फक्त मला तिथून हलवायची वेळ आली, तर कोणी तरी घडीभर थांबावे आणि विचारावे, हा इथे का आहे?