वेणूबाईंचा उंट

रविवारी सकाळी अकरा वाजता हडपसरच्या ‘हरितसृष्टी’ सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी याच हॉलमध्ये वार्षिक सभेचा कोरम भरावा म्हणून वॉचमनलासुद्धा खुर्चीवर बसवावं लागतं. आज मात्र लोक खिडक्यांच्या कठड्यांवर बसले होते, आणि कधी नव्हे ते सगळ्यांचे फोन सायलेंटवर होते.

समोर टेबलावर रेशमी गादी, गादीवर टॅबलेट, टॅबलेटला झेंडूचा हार. मागच्या पडद्यावर पांढऱ्या दाढीचे एक ऋषी आशीर्वादाचा हात उंचावून बसलेले. ते मध्येच डोळे मिटत, उघडत आणि ओठ हलवून शुद्ध मराठीत बोलत. त्यांचं नाव यंत्रऋषी. बाजूला त्यांचे सेवक पृथ्वीराजजी उभे होते. त्यांच्या मनगटावर रुद्राक्षाची माळ होती आणि तिला खेटून स्मार्ट घड्याळ.

“भक्तहो,” पृथ्वीराजजी म्हणाले, “यंत्रऋषी माणूस नाहीत आणि नुसतं यंत्रही नाहीत. चार वेद, अठरा पुराणं आणि दोन लाख नाडीपट्ट्या यांच्यावर हे मॉडेल ट्रेन झालंय. सर्व्हर हिमालयात आहे, पंधरा हजार फुटांवर. तुमचे सर्व्हर तापतात, आमचा तप करतो! आणि तुम्ही ज्याला अल्गोरिदम म्हणता ना, त्यालाच आपले पूर्वज कर्म म्हणायचे.”

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे लोक असे होते, की ज्यांचा पगारच अल्गोरिदम लिहिण्याबद्दल मिळतो.

तिसऱ्या रांगेत उत्तरेश्वर फोनवर टिपणं घेत होता. हा कळंबकडचा माणूस, वय अडतीस, खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून दाखवणं हा त्याचा धंदाच. आठवडाभर हे करून भागत नाही म्हणून दर रविवारी तो फेसबुकवरच्या ‘चार्जिंग चालू आहे’ या आपल्या पानावर तंत्रज्ञानाच्या बातम्यांची खिल्ली उडवतो. ‘बातमी: आता फ्रिज इंटरनेटला जोडता येणार. आमच्या फ्रिजचं दारच अजून फ्रिजला नीट जोडलेलं नाही.’ ‘नव्या फोनला पाचवा कॅमेरा. फोटो तोच, जेवणाच्या ताटाचा.’ असलं काहीबाही. चौदा हजार लोक ते वाचतात आणि उत्तरेश्वरला वाटतं, की चौदा हजार लोक आपल्यामुळे शहाणे झाले.

यंत्रऋषींवर तो आज संध्याकाळी लिहिणारच होता. पहिली ओळही तयार होती: ‘देवाला सबस्क्रिप्शन लागलं.’ पडद्यावरच्या ऋषींच्या आशीर्वादाच्या हाताला सहा बोटं आहेत, हे त्याने बसल्या बसल्या मोजून घेतलं होतं. यंत्राने काढलेल्या चित्रांत बोटांचा असा घोळ होतो, यावर त्याने स्वतः तीन विनोद केले होते.

“फ्लॅट चारशे तीन, उत्तरेश्वरजी,” पृथ्वीराजजींनी नाव पुकारलं.

तो उठला, हसत हसतच पुढे गेला. यंत्रऋषींनी डोळे मिटले.

“वत्सा, मला एक वृद्ध दिसतात. नावात क आहे. ते कडुलिंबावर चढले आहेत. हातात छोटं यंत्र आहे. ते कुणाशी तरी बोलू पाहतात, आवाज पोहोचत नाही. ते पडतात, पाय मोडतो. आणि पडल्या पडल्या ते म्हणतात, ‘आधी फोन बघा.’”

उत्तरेश्वरच्या हातातला फोन खाली गेला. कचरू आजोबा! गावात पहिला मोबाइल आणणारे, रेंज यावी म्हणून झाडावर चढणारे आजोबा! हे या हॉलमध्ये कुणाला माहीत असणं शक्यच नव्हतं.

“ते तुझ्या मातेची चिंता करतात,” यंत्रऋषी पुढे म्हणाले. “तिच्या डोळ्यांना शस्त्र लागू देऊ नकोस. एक्केचाळीस दिवस तिला माझ्या ॲपवरचा नेत्रनाद ऐकव.”

आईच्या डोळ्यांचंही माहीत! मग मात्र उत्तरेश्वर सगळ्यांदेखत रडला. सहा बोटांचं काय? ऋषींना असतीलही सहा, असं तो डोळे पुसता पुसता स्वतःशी म्हणाला. पृथ्वीराजजींनी माइक पुढे केला तेव्हा तो म्हणाला, “मी कशावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण हे खरं आहे.” दहा जणांनी ते रेकॉर्ड केलं आणि अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होतं.

घरी पूर्णिमाने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो व्हिडिओ दोनदा पाहिला होता.

“बुधवारचं ऑपरेशन पुढे ढकलू,” तो चप्पल काढता काढता म्हणाला. “उद्या सकाळी हॉस्पिटलला फोन करतो. एक्केचाळीस दिवसांचाच तर प्रश्न आहे.”

“डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतंय?” पूर्णिमाने विचारलं. “काचबिंदू आहे. डावा डोळा गेला. उजव्यात समोरचं तेवढं दिसतं, कडेचं नाही. औषधाच्या थेंबांनी दाब उतरत नाहीये. गेलेली नजर परत येत नसते, उरलेली राखायची असते. आणि तू एका ॲपसाठी दीड महिना थांबणार?”

“अगं, त्याला आजोबा माहीत होते!”

“मग त्यालाच चष्म्याचा नंबर विचार.”

आतल्या खोलीतून वेणूबाई भिंतीला हात लावत बाहेर आल्या. दोन्ही खांद्यांवर पदर, कमरेला पानाची चंची. “भांडू नगा,” त्या म्हणाल्या. “उत्तरेश्वरा, तू म्हणशील तसं करू. तू शिकलेला हायस. मला काय कळतंय त्यातलं?”

हे वाक्य उत्तरेश्वरला सुखाचं वाटायला हवं होतं. ते कुठे तरी टोचलं, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

“पण मला सांग तरी,” त्या सोफ्यावर टेकल्या, “काय बोलला त्यो देव?”

उत्तरेश्वरने सगळं सांगितलं. कडुलिंब, फोन, मोडलेला पाय. वेणूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्यो कुणाचा आजा?”

“कुणाचा म्हणजे? माझा. कचरू आजोबा.”

“आरं लेकरा, तुझा आजा भूकंपाच्या आदल्या साली गेला. तवा आपल्या गावात लाईट नव्हती धड, मोबाइल कुठला? आन् झाडावर कशाचा चढतोय, त्याला जमिनीवर उभं राहायला काठी लागायची.”

“पण मला आठवतंय, आई.”

“तू पाच वर्साचा व्हतास. तुला काय आठवतंय?”

पूर्णिमा एव्हाना फोनवर काही तरी शोधत होती. तिने फोन त्याच्यापुढे धरला. ‘चार्जिंग चालू आहे’, तीन वर्षांपूर्वीची पोस्ट: ‘माझे आजोबा आणि कडुलिंबाचा टॉवर’. खाली नऊ हजार हसणारे चेहरे. आणि पहिलीच कमेंट खुद्द उत्तरेश्वरची होती: ‘मित्रांनो, कथा काल्पनिक, भावना खऱ्या.’

ती गोष्ट त्याने त्यानंतर ऑफिसात सांगितली होती, दोन लग्नांत सांगितली होती, एकदा रिक्षावाल्यालाही सांगितली होती. सांगता सांगता तिच्यातला खोटेपणा कधी झिजून गेला, त्याचं त्याला कळलंच नव्हतं. आपल्याच थापेवर तो भर सभेत माइक धरून रडला होता.

“आणि डोळ्यांचं?” तो क्षीण आवाजात म्हणाला.

पूर्णिमाने बोट सरकवलं. दोन आठवड्यांपूर्वीची पोस्ट: ‘आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची वेळ घ्यायला गेलो, तर वेबसाइट म्हणते, तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा, सिग्नल असलेले चौकोन ओळखा. अहो, सिग्नल दिसत असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?’

“गुरुवारी नावनोंदणीचा फॉर्म भरलास ना? त्यात काय काय विचारलं होतं?”

“नाव, फ्लॅट, मोबाइल,” उत्तरेश्वर आठवत म्हणाला आणि मग थांबला. “आणि फेसबुकवरचं नाव. आशीर्वादाचा फोटो टॅग करायला.”

चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने तो रकाना काळजीपूर्वक, स्पेलिंग तपासून भरला होता.

वेणूबाईंना फेसबुक म्हणजे काय ते समजावून सांगायला दहा मिनिटं लागली. समजल्यावर त्या म्हणाल्या, “म्हंजे आपण भिंतीवर लिवायचं आन् मग त्यानं तेच आपल्याला वाचून दावायचं?”

“अगदी तसंच, आई.”

“मग माझ्याबी नावानं लिव की काय तरी. खोटंच लिव. बघू वाचतोय का.”

संध्याकाळी पाचला दुसरं सत्र होतं आणि तीनपर्यंत नावं घेत होते. पूर्णिमाने सासूबाईंचं फेसबुकवर खातं उघडलं आणि नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये तेच भरलं. आयुष्यभर अंगठा उठवलेल्या वेणूबाई थापा सांगण्यात इतक्या तरबेज निघतील, असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या पान लावत सांगत गेल्या आणि सून लिहीत गेली. माहेरी एक उंट होता, त्याचं नाव लाल्या. त्या उंटावर बसून त्या शाळेत जात. एकदा उंट शाळेत शिरला आणि मास्तरांची टोपी खाऊन गेला. “टोपी नगं, छत्री लिव,” वेणूबाई म्हणाल्या. “उंट हाय, मोठं कायतरी खाऊ दे त्याला.”

पाच वाजता हॉल सकाळपेक्षा जास्त भरला होता. दारातच शेजारच्या इमारतीतले सोनबाकाका भेटले. सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्याच घरची. त्यांनी उत्तरेश्वरचा हात धरला. “तुमचा व्हिडिओ पाहिला. म्हटलं, ह्यो मानूस सगळ्यांची टिंगल करतो, ह्योच रडला म्हंजे खरंच हाय. म्हनून तर आलो. साखरेच्या गोळ्या बंद करायच्या का, तेवढं इचारनार हाय.”

उत्तरेश्वरला हात सोडवून घेताना लाज वाटली. सकाळी माइकवर खरी म्हटलेली गोष्ट आता त्याच्या एकट्याची राहिली नव्हती.

वेणूबाईंचं नाव पाचवं आलं. पूर्णिमाने त्यांना धरून पुढे नेलं. यंत्रऋषींनी डोळे मिटले, उघडले.

“माते, मला एक उंच प्राणी दिसतो. तो तुझ्या माहेरचा. त्याचं नाव ल वरून.”

“लाल्या,” वेणूबाई म्हणाल्या.

“लाल्या! त्याच्या पाठीवर बसून तू विद्यार्जनाला जात होतीस. तिथे एक गुरुजी होते. त्यांची छत्री...”

“खाल्ली का त्यानं?”

“खाल्ली, माते.”

सभागृहातून कौतुकाचा हुंकार उठला. पृथ्वीराजजींनी डोळ्यांत पाणी आणून माइक पुढे केला. वेणूबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला.

“बाबांनो, मी शाळेची पायरी चढले न्हाई. आमच्या गावात उंट म्या कंदी बघितला न्हाई. हे समदं आज दुपारी जेवल्यावर सुनंकडून लिवून घेतलंय.”

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग मागून एक जण हसला आणि हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं.

“मातेच्या पूर्वजन्मीचा डेटा आहे हा!” पृथ्वीराजजी घाईने म्हणाले. “राजस्थानातला!”

“पूर्वजन्मी फेसबुक होतं का हो?” कुणी तरी विचारलं.

उत्तरेश्वर उभा राहिला. सकाळी रडायला माइक लागला होता, आता बिनमाइकचाच बोलला.

“त्यात काही दैवी नाही. आपण फॉर्ममध्ये आपलं नाव दिलं. एक प्रोग्राम आपल्या सगळ्या पोस्ट वाचतो, दुसरा त्या ऋषींच्या भाषेत लिहितो, तिसरा दाढीवाल्याचे ओठ हलवतो. तिन्ही बाजारात मिळतात, कॉलेजातली पोरंही करून दाखवतील. सकाळी मी ज्या आजोबांसाठी रडलो, ते असे कधी नव्हतेच. ती मीच मारलेली थाप होती. मी लिहिलेलं मीच विसरलो आणि यंत्राने ते मला परत दिलं, एवढाच चमत्कार. सोनबाकाका, गोळ्या बंद करायच्या का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला विचारू नका आणि त्या पडद्याला तर मुळीच विचारू नका. कुणी तुमच्याबद्दल सगळं सांगितलं, तर हे त्याला कुठून कळलं, एवढा एकच प्रश्न विचारा. मी तो विचारला नाही. तसा मी शिकलेला आहे.”

टाळ्या वाजल्या नाहीत. पृथ्वीराजजींनी ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम’ म्हणत पडदा गुंडाळला आणि सोनबाकाकांनी खिशातली गोळ्यांची पट्टी काढून पुन्हा नीट आत ठेवली. सकाळचा व्हिडिओ मात्र ग्रुपवर फिरतच राहिला. संध्याकाळचा त्याच्या चौथाई लोकांनीसुद्धा पुढे पाठवला नाही.

बुधवारी ऑपरेशन झालं. आठवड्याने डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दाब उतरलाय, आहे तेवढी नजर टिकेल. कडेचं दिसणार नव्हतंच, पण समोरचं वाचलं होतं.

घरी आल्यावर वेणूबाईंनी हट्ट धरला, “मला त्यो तुझा देव दाव बरं. त्या दिवशी लांबून निस्ता पांढरा पांढरा दिसला.”

उत्तरेश्वरने फोनवर ऋषींचा फोटो उघडून त्यांच्या समोर धरला. वेणूबाईंनी फोन जवळ घेतला, मान स्थिर केली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग ऋषींच्या हातावर बोट ठेवून एक एक करत मोजलं.

“आरं, सहा हायती की रं ह्याला,” त्या म्हणाल्या. “मला एकाच डोळ्यानं दिसली. तुला दोन्ही डोळं असून दिसली न्हाईत व्हय?”

“दिसली होती, आई,” उत्तरेश्वर म्हणाला. “मी मोजलीसुद्धा होती.”