पोब कशाला भिते

पहिला दगड जिन्याच्या कठड्याला लागला, दुसरा संगवानच्या कपाळाला. खांबांवर उभ्या घरातून ती खाली उतरत होती, हातात चिकट भाताची परडी होती. परडी सुटली, भात धुळीत सांडला. कपाळावरचं रक्त डोळ्यात ओघळलं तरी गर्दीत सगळ्यांत पुढे उभा असलेला आपला धाकटा मुलगा, खामपान, तिला बरोबर दिसला. त्याने दगड मारला नव्हता, पण मारणाऱ्याचा हातही धरला नव्हता.

"उतर खाली, सटवे!" शेजारची नोई किंचाळली. कालपर्यंत हीच बाई संगवानकडून मिरच्या मागून नेत होती. "नवरा खाल्लास, दोन पोरं खाल्लीस, आता तिसऱ्यावर डोळा होय गं?"

संगवानचा नवरा, थोरला आणि मधला, तिघे एकाच वाटेने गेले होते. आधी डोळे पिवळे, मग पाय सुजलेले, मग पोट टम्म आणि शेवटी रक्ताच्या उलट्या. गावातले आणखी काही बापे असेच गेले. बायका मात्र धडधाकट. गावाने डोकं लढवलं, आणि आमच्या गावाने डोकं लढवलं की कोणाचं तरी फुटतंच. माणसाला आतून पोखरून त्याचं काळीज खाणारं एकच भूत आम्हाला ठाऊक आहे, ते म्हणजे पोब. पोब बाईच्या अंगात राहते, आईकडून लेकीकडे जाते आणि घरातले पुरुष संपवते. संगवान साठीला आली तरी दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन जिना चढायची. तिची लेक लाम्दुआन तालुक्याला कच्च्या पपईची कोशिंबीर विकायची आणि तिचे गाल तुकतुकीत होते. एवढ्यावर लोकांची खात्री पटली.

तालुक्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं, ते संगवानने गावात कोणाला सांगितलं नव्हतं. "मावशी, ही बी प्रकारची कावीळ आहे," त्या म्हणाल्या होत्या. "विषाणू तुमच्या रक्तात आहे, लाम्दुआनच्या आहे, खामपानच्याही आहे. बाळंतपणात तुमच्याकडून मुलांना गेला. बाईच्या अंगात तो बहुतेक वेळा बरीच वर्षं दबून राहतो. पुरुषाचं लिव्हर, म्हणजे काळीज, लवकर खराब करतो, कॅन्सरही पुरुषांनाच जास्त होतो. वरून दारू ढोसली तर विचारायलाच नको. पण पाळी गेली की बाईलाही तेवढी सूट राहत नाही. तुम्हीसुद्धा तपासणीला येत जा." शेवटचं बोलणं संगवानच्या कानात शिरलंच नाही. 'तुमच्याकडून' एवढाच शब्द तिच्या छातीत रुतून बसला.

खामपानला रोज एक गोळी घ्यायची होती आणि दारू बंद करायची होती. "गोळ्या बायकांनी खाव्यात," म्हणत त्याने सगळं पाकीट माशांच्या तळ्यात भिरकावलं आणि संध्याकाळी मित्रांबरोबर तांदळाची दारू प्यायला बसला. संगवानने हातापाया पडून पाहिलं. तो हसला. पुढे पोटात दुखायला लागलं तेव्हा तो इस्पितळात गेला नाही, सेंग मांत्रिकाकडे गेला.

तोच सेंग आता अंगणात आला. अंगावर पांढरं धोतर, गळ्यात माळा, हातात आल्यासारख्या कोलिंजनाच्या झाडाचे ओले दांडे. दोघा गड्यांनी संगवानला केस धरून ओढत आणलं आणि तिच्याच घराच्या खांबाला बांधलं. सेंगने तिच्या मनगटांना मंतरलेला दोरा गुंडाळला.

"हा दोरा बांधला की पोबला खोटं बोलता येत नाही," तो लोकांकडे वळून म्हणाला. हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. "बोल, कोण आहेस तू?"

"संगवान आहे रे. तुझ्या बायकोचं बाळंतपण मी केलंय, सेंग."

दांडा तोंडावर बसला. ओठ फाटला. दुसरा मानेवर, तिसरा छातीवर. मग मोजणार कोण? गर्दीतल्या एकाने पुढे होऊन पोटात लाथ घातली, नोईने तिचे केस पिळले. मागे कोणी तरी जिन्यावर कुऱ्हाड चालवायला लागलं. या माणसांना मी ओळखतो, एरवी ती मुंगीलाही पाय लावत नाहीत, म्हणून तर मला त्यांची जास्त चीड येते.

"बोल, कोण आहेस?"

"माणूस आहे," संगवान म्हणाली, आणि तिच्या तोंडातून रक्ताबरोबर एक दात पडला.

सेंग घामाघूम झाला होता. त्याने दांडा खामपानच्या हातात दिला. "तू मार. पोटच्या पोराने मारलं की पोब बोलते."

खामपानने मारलं. पहिला फटका बिचकत, मग त्याला जोर चढला. "सोड मला!" तो रडत ओरडत होता. "सोड माझं काळीज! आई असशील तर सोड!" मारता मारता तो इतका जवळ आला की त्याचा श्वास तिच्या तोंडावर आला, आणि तिने त्याचे डोळे पाहिले. बुब्बुळाभोवतीचा पांढरा भाग पिवळसर झाला होता. थोरल्याचं असंच सुरू झालं होतं.

संगवान अंगावरचे फटके विसरली. या पोराने आईचं ऐकलं नव्हतं, डॉक्टरचं ऐकलं नव्हतं. आता तो फक्त पोबचं ऐकणार होता.

तिने मान वर केली आणि घशातून खरखरीत आवाज काढला. "पोब आहे मी."

जिन्यावरची कुऱ्हाड थांबली.

"कोणाला खाल्लंस?" सेंगने विचारलं.

तिने नवऱ्याचं नाव घेतलं. थोरल्याचं घेतलं, मधल्याचं घेतलं. बोलताना तिला वाटलं, यात खोटं तरी काय आहे? माझ्याच रक्तातून गेलं ना पोरांना? तिला हुंदका आला. लोकांना तो भुताचा हुंकार वाटला.

"आणि आता?"

"ह्याला. थोडा खाऊन झालाय."

खामपान दांडा टाकून मागे सरकला.

"पुरुषच का खातेस गं?" गर्दीतून एका म्हाताऱ्याने विचारलं.

"लवकर शिजतात. त्यातून दारूत मुरलेलं काळीज असलं तर चावावंही लागत नाही. बायकांचं चिवट असतं, वेळ लागतो." ती नोईकडे बघून फुटक्या तोंडाने हसली. "तेही खाते, पण सावकाश." नोईने दोन्ही हातांनी पोट धरलं.

"कशाला भितेस?" सेंगने छाती काढून विचारलं. आपलं नाव येणार याची त्याला खात्री होती.

"तुला नाही भीत, सेंग. तुझ्या दांड्यालाही नाही. इस्पितळातल्या गोळीला भिते. रक्त तपासून डॉक्टरने दिलेली. ती रोज ज्याच्या पोटात जाते आणि दारू जात नाही, त्याच्या काळजाजवळ बसवत नाही मला. एक दिवस चुकवली की मी परत आलेच."

सेंगचा चेहरा पडला. ही खोटं बोलते म्हणावं तर दोरा खोटा आणि तोही खोटा. त्याने मान डोलावली.

मग त्यांनी घर पेटवलं. संगवानला ट्रॉलीत टाकून शिवेबाहेर फेकलं आणि परत दिसलीस तर जिवंत सोडणार नाही असं बजावलं. ती सरपटत, लोकांच्या गाड्यांना हात करत लेकीकडे पोचली. लाम्दुआनने तिला आत घेतलं आणि भावाच्या नावाने दिवसभर शिव्या घातल्या.

काही दिवसांत गावातले पुरुष रक्त तपासायला इस्पितळात रांग लावू लागले. आपण इस्पितळाच्या भिंतीवर लावलेल्या काविळीच्या चित्रांचा हा परिणाम, असं डॉक्टरीणबाईंना वाटलं. वाटू द्या बापड्यांना.

बरगड्या सांधल्यावर एका सकाळी संगवान इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. नुसतं लांबून बघायचं असं ठरवून आली होती. खामपान गोळ्यांचं पाकीट घेऊन बाहेर आला. तो जरा भरला होता, डोळे निवळले होते. तिच्याने राहवेना. ती दोन पावलं पुढे झाली. "बाळा."

"पोब!" तो ओरडला. त्याने रस्त्याकडेचा दगड उचलून नेम धरून मारला. तो तिच्या खांद्यावर बसला आणि ती गुडघ्यावर आली. त्याने दुसरा उचलला.

बाळा, मी तुझी आई आहे रे, खोटं बोलले होते मी, हे तिच्या ओठांवर आलं. तेवढ्यात तिला त्याच्या दुसऱ्या हातातलं पाकीट दिसलं. खरं सांगितलं तर तो तेही फेकून देणार होता.

तिने दात विचकले. "गोळी चुकवलीस ना?" ती गुरगुरली. "आले बघ!"

खामपानच्या हातातला दगड गळून पडला. त्याने पाकीट फाडलं आणि पाण्याशिवायच एक गोळी गिळली, तिच्याकडे बघत, तोंड उघडून रिकामी जीभ दाखवत. संगवान किंचाळली, तोंड झाकून मागे सरली आणि लंगडत पळत सुटली.

"पळाली! पळाली!" तो मागून ओरडत होता, आणि त्याच्या आवाजात चांगला दम होता.