अर्जदार क्रमांक दोन

माझ्याच घटस्फोटाच्या तारखेला मी नवऱ्यासाठी कोर्टाकडं वेळ मागितला. आमच्या बार रूममध्ये ही गोष्ट आता सगळ्यांना पाठ झालीय, आणि चहाबरोबर कुणी ना कुणी ती सांगतंच. सांगोत बापडे. पण अर्धीच सांगतात, म्हणून उरलेली मी सांगते.

विश्वजीत आणि मी दोघंही वकील, दोघंही साहेबराव सरांच्या फर्ममध्ये. आज जालना रोडवरच्या काचेच्या इमारतीत फर्मचे दोन मजले आहेत. तेवीस वकील, दोन लिफ्ट, आणि एक यंत्र, ज्यातून जे येतं त्याला कॉफी म्हणायचं धाडस मी करत नाही. मी आले तेव्हा ऑफिस औरंगपुऱ्यात होतं, पुस्तकांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. पंखा एक, गाऊन दोन, आणि वकील तीन. दोन गाऊनांपैकी एक सरांचा. दुसरा विश्वजीत आणि मी आळीपाळीनं घालायचो. त्याची उंची सहा फूट, माझी पाच. मी तो घालून हायकोर्टाच्या व्हरांड्यातून निघाले की मागून झाडू मारत चालल्यासारखं दिसायचं.

संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं बोर्ड यायचं, म्हणजे कोणत्या कोर्टात कोणता खटला लागलाय त्याची यादी. सर मधे, आम्ही दोघं दोन बाजूंना. माझ्या खटल्यांवर लाल पेन्सिल, त्याच्या खटल्यांवर निळी. दोन्ही एकाच वेळी येतील असं दिसलं की कुणी कुणासाठी उभं राहायचं ते तिथंच ठरायचं. सरांचा नियम एकच होता. "पुकारा झाला आन आपल्या ऑफिसचं कुणीच उठलं नाय, असं व्हता कामा नये. फाईल ठाऊक नसली तरी उठायचं. पुढचं पुढं बघू."

पहिल्याच आठवड्यात विश्वजीतचा खटला पुकारला गेला आणि हा गडी कँटीनमध्ये भजी खात बसलेला. मी उठले. म्हटलं, "मिलॉर्ड, माझे सहकारी दुसऱ्या कोर्टात उभे आहेत, थोडा वेळ मिळावा." जजसाहेबांनी विचारलं, "कोणत्या कोर्टात?" माझ्या तोंडाला फेस. म्हटलं, "पाच नंबरच्या." ते हसले. "बाई, पाच नंबर हेच." सगळं कोर्ट हसत असतानाच विश्वजीत आत आला, गळ्यातल्या पांढऱ्या बँडवर भज्याचा चुरा घेऊन. त्या दिवसापासून तू मनातून गेलीच नाहीस, असं तो पुढं म्हणायचा. माझंही तेच झालं होतं, पण मी म्हणायचे नाही. उगाच कशाला डोक्यावर चढवायचं!

लग्न झालं तरी हे सुरूच राहिलं. बावीस वर्षांत मी त्याच्यासाठी किती वेळा उठले असेन याची मोजदाद नाही. तो आजारी असला, रस्त्यात अडकला, नुसताच उशिरा उठला, तरी मी उभी. त्यानंही माझ्यासाठी तेच केलं. सुखाचे दिवस होते ते. ते तसे आहेत हे तेव्हा कुठं कळत होतं?

तीन वर्षांपूर्वी माझी आई वारली, वैजापूरला. सकाळी फोन आला, फार वेळ नाही म्हणून. विश्वजीत कोर्टात पोचला होता. त्याला फोनवर सांगितलं, तू मागोमाग निघ, आणि मी पुढं गेले. आईचा माझ्यापेक्षा जावयावर जीव जास्त. तो येणार म्हटलं की ती बाजरीची भाकरी थापायला स्वतः बसायची, सुनांना हात लावू द्यायची नाही. दुपारी ती गेली. हा अंधार पडताना पोचला, अग्नी दिल्यावर. गळ्यात तोच पांढरा बँड.

"कुठं होतास?"

"मॅटर होतं," तो म्हणाला. एवढंच.

मी पुढं काही विचारलं नाही. दिवसभर साक्षीदारांना उलटतपासणीत घाम फोडणारी मी, घरी एक साधा प्रश्न विचारला नाही. मॅटर होतं! मग घरात आमच्यात बोर्डाखेरीज बोलणं उरलं नाही, आणि पुढं बोर्डही मोबाईलवर आलं, तेव्हा तेवढंही उरलं नाही. तो सिडकोत राहायला गेला, मी उस्मानपुऱ्यात राहिले. भांडणतंटा काही नाही. ऑफिसात रोज भेटायचो, गुड मॉर्निंग म्हणायचो. परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज मीच लिहिला. मसुदा चांगला झालाय, असं तोही म्हणाला. वकिलाशी लग्न केल्यावर आणखी काय होणार?

सहा महिने झाले आणि शेवटची तारीख आली. दोघांनी कौटुंबिक न्यायालयात हजर राहायचं, संमती कायम आहे असं सांगायचं, की संपलं. मी अकरालाच जाऊन बसले. विश्वजीतचा पत्ता नव्हता.

पुकारा झाला. "अर्जदार क्रमांक एक?"

"हजर."

"अर्जदार क्रमांक दोन?"

कुणीच उठलं नाही. आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "मॅडम, माझे विद्वान सहकारी हायकोर्टात उभे आहेत. कृपया जेवणाच्या सुट्टीनंतर ठेवावं."

जजमॅडमनी चष्मा काढला. "अर्जदार क्रमांक एक तुम्हीच ना?"

"हो."

"मग दोनतर्फे तुम्ही कशा बोलताय?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. जजमॅडम मात्र हसल्या नाहीत. "अडीच वाजता," एवढं म्हणून त्यांनी पुढचा अर्ज घेतला.

मी बाहेर येऊन तावातावानं गोकुळला फोन लावला. गोकुळ आमचा कारकून, औरंगपुऱ्याच्या ऑफिसपासूनचा. विश्वजीत कुठं आहे हे मला खरंच माहीत नव्हतं, कोर्टात मी ते सवयीनं ठोकून दिलं होतं.

"गोकुळ, तुझे साहेब कुठं उलथलेत?"

"सात नंबरात उभे हैत की मॅडम. म्हाळसाबाईचं मॅटर निघालं ना."

म्हाळसाबाई पिशोरची, मेंढरं राखणारी विधवा. नवऱ्यामागं राहिलेल्या दोन एकरांवर दीर टपून बसलाय. तिची जमीन आम्ही मिळवलेल्या स्टेवर, म्हणजे कोर्टाच्या स्थगितीवर टिकून आहे, आणि खटला माझा आहे.

"ते आज नव्हतं!"

"सकाळी जादा बोर्डावर आलं. तुम्हाला फोन लावतच व्हतो, तर साहेब म्हणले, तिला आज नको सांगू, तिकडं येळंवर जाऊ दे. मी उभा राहतो."

"त्यांना काय माहितीय त्या फाईलमधलं?"

"लई माहीत है. मागं बी तेच उभे राह्यले व्हते. तुमच्या आई गेल्या त्या दिशी."

"त्या दिवशी सर उभे राहिले असणार, गोकुळ. ऑर्डरवर तुझ्या साहेबांचं नाव नाहीच, माझं छापलंय, मी वाचलंय."

"सर मुंबैला व्हते, मॅडम. नाव साहेबांनीच तुमचं लिहून दिलं. स्टे त्या दिवसापुरताच व्हता. कुणी नसतं उठलं तर म्हतारी उघड्यावर आली असती. साहेब सकाळधरनं गाडीची चावी मुठीत घिऊन बसले व्हते. पुकारा झाला चारला. तुम्हाला ठाऊक नाय व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. स्टे वाढला एवढं ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर मी फाईल बंद केली होती.

विश्वजीत सव्वादोनला धापा टाकत आला. पहिलं वाक्य, "स्टे कायम झाला." दुसरं, "सॉरी, उशीर झाला."

"त्या दिवशी म्हाळसाबाईच्या मॅटरमध्ये तू होतास?"

त्यानं मान खाली घातली. गोकुळला मनातल्या मनात शिवी दिली असावी.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तुझ्याच मॅटरनं अडकलो म्हणून? जन्मभर त्या फाईलकडं बघून स्वतःला खात राहिली असतीस. म्हटलं, त्यापेक्षा माझ्यावर रागव. चार महिने रागावशील आणि संपेल. ते संपलंच नाही."

मी रडले. कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात रडणाऱ्या बाईकडं कुणी वळूनही बघत नाही, तेवढी एक सोय आहे. मला त्याचा राग आला, माझा त्याहून जास्त आला. तीन वर्षं! एका न विचारलेल्या प्रश्नापायी तीन वर्षं मातीत घातली.

अडीचला पुन्हा पुकारा झाला. दोघंही उभे राहिलो.

"अर्जदार क्रमांक एक, संमती कायम आहे?"

"नाही, मॅडम."

लिहिता लिहिता जजमॅडम थांबल्या आणि विश्वजीतकडं वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

हा माणूस पाणी न पिता तास तास युक्तिवाद करतो. आज मात्र तो हातातली फाईल चाळत राहिला. जजमॅडमनी माझ्याकडं बघितलं. "यांच्यातर्फेही तुम्हीच बोलणार आहात का?"

"नाही. त्यांना बोलू दे. मला ऐकायचंय."

विश्वजीत कोर्टाकडं पाठ करून माझ्याकडं वळला. बावीस वर्षांत त्यानं कधी न्यायासनाकडं पाठ केली नव्हती.

"तनुजा," तो म्हणाला, "शेवटी आईंनी माझी आठवण काढली होती का गं?"

तीन वर्षं त्यानं हे पोटात ठेवलं होतं. आणि मीही उत्तर पोटातच ठेवलं होतं, त्याला द्यायचं नाही म्हणून, मुद्दाम.

"दोनदा विचारलं," मी म्हटलं. "विश्वजीत आला का, म्हणून. मी म्हटलं, निघालाय, येतोच आहे. मग ती दाराकडं तोंड करून निजली."