मीराबाईंची जेवणं

"मावशी, दिवसातून किती वेळा खाता?" ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ अंतरानं विचारलं.

मीराबाई बोटांवर मोजू लागल्या. "सकाळी यांच्याबरोबर चहा-खारी. मग न्याहारी. दुपारचं जेवण. हे झोपून उठले की भाकरी मागतात, तेव्हा थोडं. मग संध्याकाळी..."

"आई," शेजारच्या खुर्चीतून प्रियांका म्हणाली, "तुझं विचारतायत, पप्पांचं नाही."

"माझंच सांगतेय."

दोन्ही गुडघे गेलेले. डोंबिवलीतलं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. प्रियांका कल्याणला बँकेत होती. तिनं स्वतः गेल्या वर्षी दोनच वेळा जेवून बरंच वजन कमी केलं होतं, त्यामुळे तिचा त्यावर पक्का विश्वास होता.

"वेळा कमी केल्या की काही जणांना सोपं जातं," अंतरा म्हणाली. "करून बघा."

परतताना रिक्षात प्रियांकानं आईकडून कबूल करून घेतलं. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला. मध्ये फक्त पाणी, नाहीतर बिनसाखरेचा चहा.

मीराबाईंनी मान डोलावली. पण घरी त्यांचे यजमान चांगदेव होते.

चांगदेवांनी सगळी नोकरी एमआयडीसीतल्या कापडाच्या रंगाच्या कंपनीत केली, तीन पाळ्यांत. लग्न होऊन मीराबाई चाळीतल्या खोलीत आल्या, तेव्हा त्यांना घड्याळ असं उरलंच नाही. आठवड्याला नवऱ्याची पाळी बदलायची आणि घराची जेवणं बदलायची. रात्रपाळी असली की ते सकाळी यायचे. नखांत पिवळा रंग, शर्टाला तो आंबूस वास. चाळीतल्या बायका पोरांचे डबे भरत असायच्या आणि मीराबाईंच्या चुलीवर सुकटीचं कालवण रटरटत असायचं. शेजारीण हसायची, "काय गं, सकाळी सकाळी रात्रीचं जेवण?"

सासूबरोबर चहा-चपाती झालेली असायची. तरी त्या पुन्हा बसायच्या. पहिल्यांदा बसल्या नव्हत्या, तेव्हा चांगदेवांनी ताट तसंच पुढे ठेवून विचारलं होतं, "कंपनीत मशीनसमोर एकटा असतो मी. इथंपण एकट्यानंच खायचं का?" नवी नवरी लाजली होती. मग एकाच ताटात भाकरीचे दोन तुकडे झाले. खाता खाता ते सांगत, आज कोणता रंग केला. कधी गुलाबी, कधी मोरपंखी. मीराबाईंनी ती कंपनी आतून कधी पाहिली नाही. पण दुकानात एखादी मोरपंखी साडी दिसली, की त्यांना वाटायचं, ही आमच्याकडची असणार.

पुढे मुलं झाली. सुमितची शाळा सकाळची, प्रियांकाची दुपारची. जो येईल त्याच्यासोबत आई दोन घास घ्यायची. तेव्हा पाणी भरणं होतं, धुणं होतं, अंगाला काही लागत नव्हतं.

आता सुमित पुण्याला होता. आणि चांगदेवांच्या डोक्यात तिन्ही पाळ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. दुपारी चारला उठून ते म्हणायचे, "मीरे, सुटलो बाबा. वाढ." त्या वाढायच्या. ते वाट बघत बसायचे. "तू?"

महिना गेला, दुसरा गेला. काटा हलला नाही. एका रविवारी दुपारी प्रियांका न सांगता आली, तर आई-वडील एका ताटात भाकरी आणि वाटाण्याची उसळ खात होते.

"आई, हे काय चाललंय? चार वाजलेत."

"अगं, एवढंसंच..."

"एवढंसं म्हणतेस आणि जिन्यात बसून रडतेस. ऑपरेशन करायचंय की नाही तुला?"

चांगदेव दचकून लेकीकडे बघत म्हणाले, "बाई, ओरडू नका हिच्यावर. आत्ता कामावरून आलोय मी."

प्रियांकानं बँकेत रजा टाकली. पप्पांना आपण वाढायचं, आईला त्या वेळी आत बसवायचं, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिनं ताट वाढलं. चांगदेवांनी ताटाला हात लावला नाही.

"खा ना पप्पा."

"तिला येऊ दे."

"ती जेवली."

"माझ्याआधी?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. काहीतरी चुकलंय, कुणीतरी समजावून सांगावं, असं. भात वाळला. त्यांनी दिवसभर काही घेतलं नाही. दाराआड मीराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. संध्याकाळी प्रियांकानंच दार उघडलं. "ये बाहेर," ती म्हणाली आणि तोंड फिरवून पाणी आणायला गेली.

पुढच्या खेपेला अंतरानं सगळं ऐकून घेतलं. "दोनदा की सहादा, त्यानं तसा फार फरक पडत नाही. दिवसभरात एकूण किती पोटात जातं, ते महत्त्वाचं. काकांबरोबर बसा ना. पण तुमचं दिवसभराचं सकाळीच वेगळं काढा, आणि त्यातलंच थोडं थोडं घ्या."

मग मीराबाई सकाळीच आपल्या भाकऱ्या डब्यात वेगळ्या ठेवू लागल्या. चांगदेव बसले की त्या बसायच्या. चतकोर मोडायच्या, खूप वेळ चावायच्या. रंग कोणता केला ते आता चांगदेवांना आठवत नसे. मग त्याच सांगायच्या, "आज मोरपंखी होता ना?" ते खूश होऊन मान हलवायचे.

वजन हळूहळू उतरलं. दिवाळीनंतर ऑपरेशनची तारीख मिळाली.

ऑपरेशन नीट झालं. प्रियांका डोंबिवलीला वडिलांजवळ राहिली, पुण्याहून आलेला सुमित हॉस्पिटलात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो औषधं आणायला खाली गेला होता. वॉर्डातल्या मावशी जेवणाचं ताट ठेवून गेल्या, तेवढ्यात प्रियांकाचा फोन आला.

"जेवले का गं ते?" मीराबाईंनी घाईनं विचारलं.

"जेवले. मी बसले सोबत. सकाळपासून चौथ्यांदा खातेय मी." ती हसली, मग हळूच म्हणाली, "आई, पप्पा मला मीरा म्हणतात. मी काही बोलले नाही."

"म्हणू दे."

"थांब, देते त्यांना."

"अहो, मी बोलतेय. जेवलात का?"

"हो, हो," चांगदेव म्हणाले. आवाज परक्या माणसाशी बोलताना काढतात तसा, जपून. "आमच्या मिसेसनं वाढलं. आत्ताच जेवलो दोघं. तुमचं झालं का, बाई?"

मीराबाईंनी समोरच्या ताटाकडे पाहिलं.

"आत्ता बसतेच आहे," त्या म्हणाल्या.

"बसा, बसा. सावकाश जेवा."